गळावरचं पीस: फ्लाय टायिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फ्लाय बांधते असं सांगितलं की लोक आधी चमकतात, मग फोटो मागतात आणि मग तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत. एका प्रश्नाचं उरलेलं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सगळं वाचायलाच हवं असं नाही.

१. फ्लाय म्हणजे नक्की काय? आणि त्यात बांधायचं काय असतं?

गळाच्या उघड्या दांडीवर पिसं, लोकर, केस, जर असं काहीबाही दोऱ्याने आवळून केलेलं खोटं भक्ष्य म्हणजे फ्लाय. यात चिकटवाचिकटवी जवळजवळ नसते. सगळा डोलारा दोऱ्याच्या ताणावर उभा असतो. शेवटी डोक्याशी गाठ मारायची आणि वर वार्निशचा थेंब सोडायचा. काही फ्लाय पाण्यातून वर येणाऱ्या किड्यासारखे दिसतात, काही छोट्या माशासारखे, आणि काही जगातल्या कुठल्याच जिवासारखे दिसत नाहीत (ते का, हे प्रश्न १० मध्ये). फ्लायला स्वतःचं वजन नसतं म्हटलं तरी चालेल. म्हणून या प्रकारच्या मासेमारीत वजनदार दोरी फेकतात आणि फ्लाय तिच्यामागून जातो.

२. हा साहेबांचा छंद आहे ना?

साहेबाने त्याला क्लब दिले, शिष्टाचार दिले आणि कपाटभर पुस्तकं दिली. पण सुरुवात त्याची नव्हे. एलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी मॅसेडोनियातल्या एका नदीवरचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसं लावतात, असं लिहून ठेवलं आहे. लोकर आणि कोंबड्याचं पीस ही जोडी आजही टिकून आहे. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर हीच कला वेगळ्या वाटेने वाढली (प्रश्न १३). इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरच्या एका प्रबंधात १२ फ्लाय दिले आहेत, तिथून इंग्रजी परंपरेचा लेखी हिशोब सुरू होतो.

३. प्रत्येक फ्लायची रेसिपी ठरलेली असते म्हणता. मग त्यात माझं स्वतःचं काय?

सगळ्यात जास्त येणारा आणि मला सगळ्यात आवडणारा प्रश्न.

रेसिपीत काय असतं ते आधी पाहू. गळ कुठल्या मापाचा, दोरा कुठल्या रंगाचा, शेपटी कशाची, अंग कशाचं, गळ्याशी गुंडाळायचं पीस कुठलं. संपलं. शेपटीत किती तंतू घ्यायचे, अंग कुठे बारीक होऊन कुठे फुगायचं, पिसाचे वेढे चार की सहा, दोरा किती ताणायचा आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं, यातलं रेसिपीत काहीच नसतं. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकली की शब्द आणि राग तेच असून गाणं वेगळं वाटतं, तसंच इथे होतं. अ‍ॅडम्स नावाचा करडा फ्लाय १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधला. तेव्हापासून तो किती हातांनी बांधला असेल याची गणती नाही. तरी ओळखीच्या चार माणसांचे अ‍ॅडम्स एका डबीत मिसळून ठेवले तर कुठला कोणाचा हे सांगता येतं. कोणी घट्ट, आटोपशीर बांधतं, कोणाचा फ्लाय जरा विस्कटलेला असतो, कोणाच्या पंखांना मागे रेलायची खोड असते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स बायकांच्या टोप्या सजवण्याचं काम जाणत होत्या. १ जुलै १९२४ ला अप्पर डॅम इथे त्यांनी स्वतः बांधलेल्या फ्लायवर ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून थोडा जास्त, ब्रूक ट्राउट धरला आणि एका मासिकाच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. पुढे त्यांचा ‘ग्रे घोस्ट’ जगभर गेला. टोप्यांवर पिसं बसवताना हाताला लागलेलं वळण त्यांच्या फ्लायमध्ये दिसतं: गळाच्या कडेने लांब, सडपातळ पिसं एकावर एक निजवलेली. शिवाय काळ्या डोक्यावर रंगीत दोऱ्याचा एक बारीक पट्टा. तीच त्यांची सही. तिथे सही करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

४. सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं?

गळ घट्ट धरणारा छोटा व्हाइस, दोऱ्याची रिळं धरणारं बॉबिन, अणकुचीदार छोटी कात्री, दोरा, गळ आणि पिसं. व्हाइस महागातला घ्यायची घाई करू नका. कॅरी स्टीव्हन्स व्हाइसशिवाय नुसत्या बोटांत धरून बांधायच्या. अमेरिकेतले नामांकित मासेमार ली वुल्फ तर २८ नंबरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान फ्लाय हातात धरून बांधून दाखवायचे. पैसे घालायचेच तर कात्रीत घाला आणि ती फक्त दोरा आणि पिसं कापायला ठेवा. तांब्याच्या तारेला दुसरी जुनी कात्री. बॉबिनच्या नळीचं तोंड गुळगुळीत आहे ना ते बघा. खरबरीत नळी दोरा करवतते आणि नवशिक्याला वाटतं की आपला हात जड आहे.

गळाच्या मापांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. आकडा वाढला की गळ लहान: १६ पेक्षा १० मोठा. १ च्या पुढे मोठे गळ १/०, २/० असे जातात आणि तिथे आकड्याबरोबर गळही वाढतो.

५. पहिला फ्लाय कुठला बांधू?

वूली बगर. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांचा, १९६७ चा. ८ नंबरचा लांब दांडीचा गळ घ्या. शेपटीला मऊ मॅराबू पीस, दांडीच्या लांबीइतकं. अंगाला जाडसर शेनिलचा धागा. त्यावर मागून पुढे कोंबड्याचं पीस सर्पिल वेढ्यांनी गुंडाळा, डोक्याशी गाठ. इतकंच. मोठा गळ असल्यामुळे डोळ्यांना ताण नाही, आणि बांधणी वाकडीतिकडी झाली तरी पाण्यात मॅराबू हलायला लागलं की सगळं झाकलं जातं. एकाच रंगात एका बैठकीत सहा बांधा आणि ओळीने मांडून ठेवा. पहिल्या आणि सहाव्यातला फरक बघून जे कळेल ते कुठल्याही व्हिडिओत नाही.

६. माझा फ्लाय फोटोतल्यासारखा का दिसत नाही?

बहुतेक वेळा कारण एकच: डोक्याशी जागा उरत नाही. शेपटी, अंग, पंख सगळं थोडंथोडं पुढे सरकतं आणि गळाच्या डोळ्यापाशी (दोरी ओवायच्या कड्यापाशी) गर्दी होते. उपाय कंटाळवाणा आहे. दांडीवर दोऱ्याचा पाया घालतानाच डोळ्याच्या मागे थोडी जागा रिकामी सोडायची आणि शेवटपर्यंत तिथे पाऊल टाकायचं नाही.

मग प्रमाण. तरंगणाऱ्या नेहमीच्या फ्लायमध्ये शेपटी दांडीइतकी, पंखही साधारण तितकेच उंच, आणि गळ्याशी गुंडाळलेल्या पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या (दांडी आणि टोक यांच्यातल्या अंतराच्या) दीडपट ते दुप्पट. हे नियम मोडता येतात, पण आधी ते हातात बसलेले असावेत. नाहीतर जाणूनबुजून मोडलेलं प्रमाण आणि चुकलेलं प्रमाण यातला फरक दुसऱ्याला तर नाहीच, बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि दोऱ्याचा पीळ. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. उजव्या हाताने गुंडाळताना प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्यात थोडा पीळ चढतो. लटकतं बॉबिन वरून बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की पीळ उतरतो, दोरा चपटा होतो आणि सपाट बसतो, उंचवटा येत नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की तो गोल आणि करकरीत होतो आणि केस आवळायला बरा पडतो. एकाच दोऱ्यात ही दोन कामं आहेत हे कळलं की बांधणी एकदम सुधारते. वेढे कमी घ्या. चार घट्ट वेढ्यांनी जे धरलं जात नाही, ते चौदा सैल वेढ्यांनीही धरलं जाणार नाही.

७. सामान इथे मिळतं का? सगळं परदेशातूनच मागवायचं?

गळ, चांगला दोरा आणि मॅराबू मागवावं लागेल. बाकीच्यासाठी आधी गल्लीत फिरून या.

गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं चिकन सेंटरवाला कचऱ्यातच टाकतो. त्याला आधी सांगून ठेवा, तो जरा विचित्र नजरेने बघेल, पण देईल. यात कमीपणा काही नाही. बांधणाऱ्यांसाठी खास कोंबडे पाळायला लागेपर्यंत ब्रिटन-अमेरिकेतल्या दुकानांत भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या मानाच वापरात होत्या. नंतर तिकडे निवडक पैदाशीने लांब, एकसारख्या तंतूंची पिसं तयार झाली आणि त्यांची किंमत भलतीच वाढली. २०११ साली केसांत पिसं माळायची फॅशन आली तेव्हा सलूनवाल्यांनी तीच पिसं उचलली आणि मासेमारीच्या दुकानांतली फडताळं रिकामी झाली. बांधणारे लोक त्या वर्षाबद्दल अजून कुरकुरतात.

अंगावरून फिरवायच्या चकचकीत पट्टीसाठी विलायती ‘ओव्हल टिनसेल’ घ्यायची गरज नाही. सुती किंवा रेशमी गाभ्यावर धातूची चपटी तार गुंडाळलेली, ही तिची रचना. आपल्या जरीचीही तीच. जुन्या साडीच्या काठातून निघालेली खरी जर सुरेख बसते. ती काळवंडते, म्हणून वर पातळ वार्निश. रेशमाचा धागा भरतकामाच्या दुकानात, बारीक तांब्याची तार मोटार वाइंडिंगवाल्याकडे, अंगाला भरायचे केस घरच्या कुत्र्याचा ब्रश झाडला की. मला तर वाटतं फ्लाय आपला व्हायला इथूनच सुरुवात होते: पाकिटावर ‘ऑलिव्ह’ लिहिलेला रंग सगळ्या जगाचा एक, आणि तुमच्या मोत्याच्या पोटावरचा पिंगट रंग फक्त तुमच्याकडे.

८. कोंबड्याची पिसं धुवायची, रंगवायची, टिकवायची कशी?

घरात आणल्या आणल्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे पिसांतले किडे मरतात. (घरच्यांना आधी सांगा.) मग कोमट पाणी आणि साधा साबण, भरपूर खळबळणं, सावलीत वाळवणं. रंगासाठी पीस आणि लोकर यांचा धर्म एकच, दोन्ही प्रथिनांचे तंतू. त्यामुळे लोकरीचे आम्लरंग किंवा खाण्याचे रंग गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून छान चढतात. चहा आणि कांद्याची सालं वापरून मातकट, पिंगट छटा मिळतात. हळदीचा पिवळा दिसतो झकास, पण उजेडात उडून जातो. पाणी उकळू देऊ नका, पिसं वेडीवाकडी होतात.

साठवणीत खरी शत्रू कसर. हवाबंद डबे, त्यात डांबराच्या गोळ्या, आणि नवीन आलेलं पीस थेट जुन्यांत कधीच मिसळायचं नाही.

९. मोरपीस किंवा रानकोंबड्याचं पीस वापरलेलं चालतं का?

दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. मोराने आपणहून गाळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला आणि वापरायला कायद्यात सवलत आहे. देशाबाहेर पाठवायला बंदी. म्हणजे मोरपिसाचा फ्लाय परदेशातल्या मित्राला पाठवणं अडचणीचं. मोर मारून मिळवलेलं पीस हा सरळ गुन्हा.

राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणचट, चमकदार ठिपके असतात, आणि गेलं दीडेक शतक सालमन फ्लायच्या गालावर ‘डोळा’ म्हणून तेच पीस मानाने बसवतात. तिकडच्या पुस्तकांत ‘जंगल कॉक’ म्हणतात तो हाच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या जागतिक कराराचं नियंत्रण. युरोप-अमेरिकेत विकली जाणारी पिसं पाळलेल्या पक्ष्यांची असतात आणि कागदपत्रांसह येतात. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात फिरताना जमिनीवर एखादं सापडलं तरी तिथेच राहू द्या. खंड्याच्या निळ्या पिसांचंही तेच. कोंबडीच्या पांढऱ्या पिसावर वार्निशचा थेंब आणि रंगाचे दोन ठिपके दिले की कामचलाऊ ‘डोळा’ होतो.

१०. जुन्या सालमन फ्लायवर एवढी नक्षी कशासाठी? माशाला ती कळते का?

ट्राउटला रंग दिसतात आणि तो समोरच्या किड्याकडे बारकाईने बघतो, म्हणून ट्राउटच्या फ्लायला खऱ्या किड्याचं माप, रंग, बसण्याची ढब यांचं बंधन असतं. अटलांटिक सालमनची गोष्ट निराळी. अंडी घालायला समुद्रातून नदीत परतलेला सालमन जवळजवळ काही खातच नाही. तरी फ्लायवर झडप घालतो. का, यावर नदीकाठी आजही भांडणं होतात. मासा खातच नसेल तर नक्कल करायची कशाची? या एका फटीतून व्हिक्टोरियन काळात सगळी हौस आत शिरली.

‘जॉक स्कॉट’ घ्या. अंगाचा मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या, मध्ये शहामृगाच्या पिसाचा काळा गोंडा, वर जर, शेपटीला सोनेरी फेजंटचा तुरा, पंखात वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पिसांचे तंतू एकमेकांत गुंफलेले, गालावर आपला रानकोंबडा. ब्रिटिश साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची पिसं लंडनच्या बाजारात उतरत होती, ती थेट गळावर आली. जॉर्ज केल्सन यांनी १८९५ साली असे शेकडो नमुने तपशीलवार मांडले आणि अमुक पीस नाही तर फ्लाय खोटा, असा धाक बसवला. (त्यातला ‘इंडियन क्रो’ दक्षिण अमेरिकेतला पक्षी आहे. आपल्या कावळ्यांना कोणी हात लावलेला नाही.)

माशाला यातलं किती कळतं? आज सालमन धरणारे बहुतेक लोक केसांचे साधे फ्लाय वापरतात आणि त्यांना मासे मिळतात. नक्षी माणसासाठीच होती, आणि ते कबूल करायला काय हरकत आहे?

११. पिसांसाठी म्युझियम फोडलं होतं म्हणे. खरं का?

खरं. जून २००९ मध्ये लंडनला संगीत शिकणाऱ्या एका तरुण बासरीवादकाने ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून पेंढा भरलेले २९९ पक्षी सुटकेसमध्ये भरून नेले. तो स्वतः व्हिक्टोरियन सालमन फ्लाय बांधण्यात वाकबगार होता. काही पक्षी निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेले होते. पिसं विकली गेली, अनेक पक्ष्यांच्या पायांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या आणि पक्षी कुठला, कधीचा ही माहिती कायमची गेली. पक्षी परत मिळाला तरी चिठ्ठीवाचून शास्त्राच्या दृष्टीने तो जवळपास निकामीच.

या गोष्टीकडे मी विक्षिप्त माणसाची गंमत म्हणून बघू शकत नाही. ‘अस्सल’ पिसाशिवाय कला अपुरी, या समजुतीचं ते टोक आहे. टर्कीच्या किंवा पाळीव फेजंटच्या रंगवलेल्या पिसांत तोच जॉक स्कॉट बांधणारे उत्तम कारागीर आज आहेत, आणि पर्यायी रंग जुळवण्यात त्यांची नजर जितकी लागते तितकी विकत घेतलेल्या पिसात लागत नाही.

१२. मी मासे मारत नाही. घरी माळकरी आहेत. तरी फ्लाय बांधले तर चालतील?

मेगन बॉइड यांचं नाव ऐका. जन्म १९१५. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा गावाजवळच्या छोट्या घरात त्यांनी आयुष्यभर सालमन फ्लाय बांधले. राजघराण्यातली माणसं त्यांची गिऱ्हाइकं. १९७१ साली ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या समारंभाला गेल्या नाहीत, पदक नंतर प्रिन्स चार्ल्स यांच्या हातून मिळालं. या बाईंनी सालमन कधी धरला नाही. मारायची इच्छाच नव्हती.

त्यामुळे उत्तर: चालतील. गळाची अडचण वाटत असेल तर टोक कापून टाका (प्रश्न १९). पिसांचीही अडचण असेल तर कृत्रिम धागे आणि रेशमाला पर्याय म्हणून पॉलिस्टर फ्लॉस आहे. मात्र बांधलेले फ्लाय दुसऱ्याला मासेमारीसाठी द्यायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. बॉइडबाईंना दोन्ही गोष्टी एका मनात ठेवता आल्या, सगळ्यांना जमेलच असं नाही.

१३. मला नक्षी झेपत नाही आणि आवडतही नाही. साधा फ्लाय ‘स्वतःचा’ होऊ शकतो का?

होतो, आणि माझा कल तिकडेच आहे. तेनकारा या जपानी डोंगरी ओढ्यांवरच्या मासेमारीच्या परंपरेतला ‘साकासा केबारी’ हा फ्लाय बघा: दोरा आणि एक पीस, बस. पिसाचे तंतू नेहमीसारखे मागे न झुकता पुढे गळाच्या डोळ्याकडे झुकलेले, त्यामुळे ओढ दिली की ते छत्रीसारखे मिटतात-उघडतात. तेनकाराचे कित्येक जाणकार वर्षानुवर्षं एकच नमुना वापरतात. (त्याच जपानमध्ये कानाझावाचे कागा केबारी दागिन्याइतके नाजूक असतात, आता त्यांचे ब्रोचही होतात. तेव्हा जपान म्हणजे साधेपणा असंही नाही.)

इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फेजंटच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर ‘फेजंट टेल निम्फ’ बांधला. दोरासुद्धा नाही, तारच दोरा आणि तारच वजन. त्यांचे शेजारी ऑलिव्हर काइट त्याही पुढे गेले आणि तांब्याची तार गुंडाळलेल्या उघड्या गळावर मासे धरून दाखवले. सॉयर नदीकाठी नोकरीच करत होते, रोज पाण्यात बघत होते. इतर सगळं वगळण्याचं धाडस त्या बघण्यातून आलं.

१४. दुसऱ्याच्या नमुन्यात बदल केला तर तो माझा होतो का? नाव देऊ का?

रंग बदलला एवढ्याने नाही. शेपटी मोराऐवजी टर्कीची केली एवढ्यानेही नाही. तिथे ‘अमक्याचा प्रकार’ म्हणायची पद्धत आहे आणि ती पाळावी. फ्लायचं वागणं बदललं, म्हणजे जो बुडायचा तो तरंगू लागला, पाठीवर उलटा पोहू लागला, अशा वेळी नवीन नावाचा विचार करा. तोपर्यंत डबीवर मूळ नाव आणि खाली तुमचं.

शिकण्यासाठी नक्कल मात्र जरूर करा, बांधलेला फ्लाय सोडवत उलट दिशेनेसुद्धा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात रुबेन क्रॉस हे नामांकित कारागीर होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्ट डेट यांनी शिकवा म्हटलं, त्यांनी नकार दिला. मग वॉल्ट, विनी डेट आणि त्यांचा मित्र हॅरी डार्बी यांनी क्रॉस यांचेच फ्लाय विकत घेऊन वेढा-वेढा उलगडला आणि टिपणं काढली. पुढे डेट आणि डार्बी ही दोन्ही घरं त्या भागाची ओळख झाली. मेगन बॉइडही जुने फ्लाय सोडवून पुन्हा बांधतच शिकल्या.

१५. केनियात कामगार रोज डझनावारी तेच फ्लाय बांधतात. त्यात कसली आली अभिव्यक्ती?

फ्लाय बांधणारं यंत्र आजतागायत रुळलेलं नाही. दुकानात मिळणारा स्वस्तातला फ्लायसुद्धा केनिया, श्रीलंका, थायलंडमधल्या कुणाच्या तरी हाताने बांधलेला असतो. तिथे नमुना कंपनीचा, माप कंपनीचं, आणि वेगळेपण दिसलं तर माल परत. त्याला आत्माविष्कार म्हणणं म्हणजे त्यांच्या मजुरीवर गोड पांघरूण घालणं. पण त्या बायकांच्या आणि पुरुषांच्या हातात जी सफाई असते ती हौशी माणसाला क्वचित साधते. मेगन बॉइड यासुद्धा ऑर्डरप्रमाणेच बांधत होत्या. फरक इतकाच की त्यांच्या फ्लायबरोबर त्यांचं नाव जात होतं. प्रश्न कलेपेक्षा नावाचा आणि मोबदल्याचा आहे, असं माझं मत.

१६. मॉप फ्लाय, यूव्ही रेझिन, प्लास्टिकचे डोळे: ही फसवणूक नाही का?

मॉप फ्लाय म्हणजे फरशी पुसायच्या मायक्रोफायबर मॉपचं एक बोंड कापून गळाला बांधायचं. गाडी पुसायच्या हातमोज्याचंही चालतं. दोन मिनिटांत तयार, मासेही भरपूर. परंपरावाले नाकं मुरडतात. मला त्यात गैर काही दिसत नाही, एलियनच्या मॅसेडोनियन लोकांनीही हाताशी होतं तेच घेतलं होतं. मात्र रेझिनने, म्हणजे अतिनील उजेडात घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने, दोऱ्याच्या चुका झाकायची सवय लागली तर हात तिथेच थांबतो. आधी रेझिनशिवाय टिकेल असं बांधा, मग हवं तर वर चढवा.

१७. चाळिशी लागली, हातही थोडे थरथरतात. आता शिकता येईल?

मोठ्या गळापासून सुरुवात करा (प्रश्न ५), मागे फिकट एकरंगी कागद लावा, दिवा डाव्या बाजूने घ्या, भिंगाचा चष्मा वापरा. मनगटं टेबलाच्या कडेवर टेकलेली असू द्या, थरथर निम्मी होते. अमेरिकेत २००५ साली वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ सुरू झालं. त्यात फ्लाय बांधणं शिकवतात, एका हाताने बांधणाऱ्यांनाही. व्हाइस हा तिथे खरोखरच दुसरा हात असतो. म्हणून माझं प्रश्न ४ मधलं ‘व्हाइसची घाई नको’ तुम्हाला लागू नाही. तुम्ही चांगला, जड बैठकीचा घ्या.

१८. आपल्याकडचे मासे फ्लाय घेतात का?

हिमालयातल्या नद्यांमध्ये महसीर घेतो, काश्मीर आणि कुल्लूत साहेबाने आणून सोडलेला ट्राउट घेतो, आणि आपल्या तळ्यांतली मरळ बेडकासारख्या तरंगत्या फ्लायवर धावून येते. दख्खनचा महसीर, म्हणजे खडस, कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्राला ओळख करून दिलेला मासा. आज त्या पाण्यात तो शोधू नका. लोणावळ्याला टाटा पॉवरचं महसीर संवर्धन केंद्र आहे. कुठेही गळ टाकण्याआधी परवानगी विचारा, गळाची आडवी काट पक्कडीने दाबून सपाट करा आणि मासा पाण्यातच सोडा. देवाच्या डोहावर अजिबात नाही.

१९. फ्लाय फ्रेम करायचा किंवा कानातलं करायचं आहे. काही पथ्यं?

फ्रेम उन्हापासून दूर लावा, रंगवलेली पिसं उडतात. मागचा पुठ्ठा नीट बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. पाण्यात वापरलेला फ्लाय पूर्ण सुकल्याशिवाय काचेमागे ठेवू नका, गळ गंजून पांढऱ्या कागदावर डाग पडतो.

कानातल्यासाठी फ्लाय आधी पूर्ण बांधून घ्या, मगच गळाचं टोक कापा. टोक नसलेला गळ व्हाइसमध्ये नीट बसत नाही. कापताना गळ जाड फडक्यात गुंडाळा आणि चष्मा घाला, कडक पोलादाचा तुकडा उडतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. उरलेलं टोक कानसीने घासून वार्निश लावा. कान संवेदनशील असतील तर गळ थेट कानात न घालता त्याच्या डोळ्यात चांदीची कडी ओवा.